खांबावर नंतर चढा, आधी डबी उघडा

आयटीआय झाल्यावर मी आर्णी तालुक्यात एका लाइनमनकाकांच्या हाताखाली तीन वर्षं काढली. आमच्याकडे घरच्या फोनची तक्रार एकाच शब्दांत यायची, "फोन मेला ना जी, आठ दिस झाले." तेवढ्यावरून मी शिडी खांद्यावर घ्यायचो. काका थांबवायचे, "खांबावर मंग चढजो, पयले डबी खोल."

डबी म्हणजे भिंतीवरचं रोझेट. खांबावरची ड्रॉप वायर तिथे संपते आणि घरातली वायर सुरू होते, म्हणून दोष आतला की बाहेरचा हे तिथेच कळतं. घरातल्या वायरी सोडवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि बाहेरून आलेली दोन तारांची जोडी तपासा. 48 ते 50 व्होल्ट आले की दोष घरात. शून्य आलं तर बाहेर वायर तुटली किंवा शॉर्ट झाली. 20-25 वर अडकलं तर बहुतेक वेळा कुठेतरी ओल शिरलेली असते. मीटर नसेल तर चालू फोन थेट डबीला लावून डायल टोन ऐका. मात्र रिंग येते तेव्हा त्याच तारांवर 75 व्होल्टच्या आसपास एसी असतो, चांगला झटका बसतो. विजा कडाडत असताना तर डबीला हातच लावू नका.

एका घरी दिवाळीनंतर फोनवर सारखी खरखर. पाऊस नाही, डबीवर पूर्ण 49 व्होल्ट. समोरची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली आणि वायर त्या कापसामागून गेलेली. आजी म्हणाल्या, "कापूस इकल्याबिगर भित कशी दिसन बाप्पा?" काकांनी कापसाला हात न लावता वरून, वाशाच्या कडेने नवी वायर ओढली. खरखर तिथल्या तिथे गेली. कापूस गेल्यावर जुनी वायर काढली, तर उंदरांनी चार बोटं सोललेली आणि उघड्या तांब्यावर हिरवा गंज. तेव्हापासून कापूस, तूर भरायच्या खोलीतून मी वायर नेतच नाही.

बाकीचं सोपं आहे. बोलताना आवाज तुटतो? रिसीव्हरची पिळाची वायर बदलून पाहा, तीच आधी जाते. नंबर दाबूनही डायल टोन थांबत नाही? फोनखालचं बटण पल्सवरून टोनवर करा. बोलणं होतं पण घंटी नाही? रिंगरचं बटण बघा.

आणि भारनियमनात कॉर्डलेस बंद पडला तर लाइनवर खापर फोडू नका, त्याच्या बेसला घरची वीज लागते. साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेवरूनच येते, तो अंधारातही चालतो. खेड्यातल्या प्रत्येक घरात तसा एक साधा फोन असावा, असं मी आवर्जून सांगतो.

डबी बंद करण्याआधी काळी पडलेली टोकं कापून नव्याने सोला. बाहेर, वायर भिंतीत शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरूनच टपकतं, डबीत उतरत नाही.