आल्प्सच्या ट्रेकला विमानतळ उलटीकडून ठरवा

स्वस्त फ्लाइट दिसली की आपण बुक करतो, मग उतरल्यावर अर्धा दिवस गाड्या बदलण्यात जातो.

१. आधी पहिल्या मुक्कामाचं गाव पक्कं करा, मग एसबीबी (स्विस रेल्वे) ॲपमध्ये तिथपर्यंत झुरिक आणि जिनिव्हा दोन्ही एअरपोर्टवरून गाड्या बघा, स्टेशन एअरपोर्टलाच आहे.
२. तासांपेक्षा गाड्या किती बदलायच्या ते मोजा, पाठीवर सॅक असते हो! ग्रिंडेलवाल्डला झुरिक बरं, फ्रान्समधल्या शामोनीला सरळ जिनिव्हा. झरमॅटला कुठूनही या, व्हिस्पला बदलायचंच.
३. ग्रिंडेलवाल्डला सुरू करून झरमॅटला संपवणार असाल तर मल्टी-सिटी तिकिटाचा रेट बघा, झुरिकला उतरा, जिनिव्हाहून परत.

फक्त उतरायच्या दिवशी सुपरसेव्हर तिकीट काढू नका, ते त्याच गाडीला चालतं, विमान लेट झालं की पैसे गेले.