'सबमिट' दाबण्याआधी स्टाफरूमचा जिना चढा

बारावीचा निकाल २१ मे २०२४ला लागला आणि काही दिवसांत मी एसटी स्टँडसमोरच्या नेट कॅफेत बीएस्सीचा फॉर्म भरायला गेले. खुर्चीवर कॅफेवाला दादा, त्याच्या मागे मी, माझ्यामागे आठ-दहा जण. नाव, जात, टक्के, फोटो, सही सगळं भराभर झालं. मग स्क्रीनवर विषयांची यादी आली.

"कुठले तीन टाकू?"

"बाकीचे काय घेतायत?"

"केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. सगळे तेच घेतात."

"मग तेच टाका."

दादाने शंभर रुपये घेतले, प्रिंट हातात दिली, मी साडेचारची गाडी पकडून घरी आले. बारावीला मला गणितात ८७ मार्क होते.

कॅफेवाल्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्याला फॉर्म भरायचे पैसे मिळतात, माझ्या वतीने विचार करायचे नाहीत. चूक अशी की कॉलेजची पायरी चढण्याआधीच मी कॉलेजातला सर्वांत मोठा निर्णय घेऊन टाकला होता आणि आपण काही निर्णय घेतला हेही मला ठाऊक नव्हतं. नंतरच्या दोन वर्षी जूनमध्ये मी आमच्या कॉलेजच्या प्रवेश मदत कक्षात बसले. तिथेही रोज हेच पाहिलं. मुलं फोटो किती केबीचा हवा हे तीनदा विचारतात, विषय मात्र मैत्रिणीच्या फॉर्ममध्ये बघून टाकतात.

आधी विषयांचं गणित सांगते, कारण नवीन शैक्षणिक धोरणाने इथेच सगळं बदललंय. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५पासून आलं, म्हणजे आमचीच पहिली बॅच. घरातल्या कुणाला विचारावं तर त्यांच्या वेळी हे नव्हतंच. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, म्हणजे मुख्य विषय होतो, एक मायनर, म्हणजे दुय्यम, आणि तिसरा गळतो. म्हणजे फॉर्ममध्ये जे तीन टाकले त्यातूनच मेजर निवडायचा, बाहेरचा चौथा घेता येत नाही. मला संख्याशास्त्र शिकायचंय हे पहिल्या वर्षाच्या जानेवारीत कळलं, तोवर दार बंद. कॉलेज सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे विषय बदलून मिळत होता. साधा अर्ज करायचा, जागा शिल्लक असेल तर बदल होतो, एकदा याद्या विद्यापीठाकडे गेल्या की संपलं. नोटीस बोर्डावर ती सूचना लागलेली होती. मी बोर्डासमोर उभी राहून सेल्फी काढलेला आहे, त्यात ती मागे दिसते.

विद्यापीठागणिक ही मांडणी थोडी बदलते. काही ठिकाणी मेजर पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. त्यामुळे मामेभावाच्या कॉलेजात काय चालतं त्यावर जाऊ नका, स्वतःच्या कॉलेजचं माहितीपत्रक घ्या.

मेजर-मायनरच्या खाली आद्याक्षरांची एक लांबलचक रांग असते: ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पहिल्यांदा वाचताना गाड्यांच्या नंबरप्लेट वाचतोय असं वाटतं. घाबरू नका, यातले बरेच कॉलेज स्वतःच ठरवून देतं. तुमच्या हातात खरी निवड असते ती त्या तीन विषयांची आणि ओईची, म्हणजे ओपन इलेक्टिव्हची. ओई तुमच्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. सायन्सवाल्याने आर्ट्स किंवा कॉमर्सचा, कॉमर्सवाल्याने सायन्स किंवा आर्ट्सचा. मी यादीतला पहिला टाकला. तो तास सकाळी साडेसातला होता आणि आमच्या गावची पहिली गाडी स्टँडवर आठ दहाला पोहोचते. पूर्ण सेमिस्टर मी त्या तासाची शेवटची वीस मिनिटं ऐकली. ओई टाकण्याआधी वेळापत्रक बघा, गाडीचं आणि तासाचं, दोन्ही.

क्रेडिट हा शब्द सारखा कानावर पडेल. हिशेब सोपा आहे: एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. एका सेमिस्टरला २२, तीन वर्षांत १३२. चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर १७६. चौथं वर्ष करायचं की नाही याची चिंता पहिल्या वर्षी करू नका. एवढंच ठाऊक असू द्या की चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशासाठी एमएस्सीशिवायही पात्र ठरता येतं. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर मी इंटर्नलला इतकं गृहीत धरलं नसतं.

आता माणसांकडे येते. प्रत्येक कॉलेजात मेंटॉर असतात, काही ठिकाणी त्यांना पालक शिक्षक म्हणतात. एकेका शिक्षकाकडे ठरावीक मुलं, त्याची यादी बोर्डावर लागते. ते तुम्हाला बोलावतील या आशेवर राहिलात तर वर्ष निघून जाईल. मी दोन दिवस स्टाफरूमबाहेर नुसती उभी होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं कुणी नाही आणि 'मी काय विचारू?' हेच मला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी शिपाई मामा म्हणाले, "अगं, आत जा की. खात नाहीत ते." आत गेले. मॅडम पेपर तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बस. काय अडलंय?"

माझं काय अडलंय ते मला सांगताच येईना, तेव्हा त्यांनीच विचारायला सुरुवात केली. बारावीला कशात मार्क होते, कुठला तास संपू नये असं वाटतं, घरून किती वर्षं शिकू देणार आहेत, तीन वर्षांनी नोकरी लागायलाच हवी का. हा शेवटचा प्रश्न मला फार लागला, पण तोच सगळ्यात कामाचा निघाला. बीएड करायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला हवा. एमएस्सी केमिस्ट्रीला जायचं तर केमिस्ट्री गळणाऱ्या तिसऱ्या विषयात जाऊन चालत नाही. एमपीएससीच करायची तर कुठलीही पदवी चालते, मग जो विषय झेपेल आणि आवडेल तो घ्यावा. या तीन वाक्यांसाठी मी आठ महिने उशीर केला होता.

मेंटॉरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बारावीची गुणपत्रिका, माहितीपत्रकातलं विषयांचं पान आणि एका कागदावर लिहिलेले प्रश्न एवढं न्या. 'सर, मी कुठला विषय घेऊ?' असं विचारलंत तर सर स्वतःचा विषय सांगतील, हा मनुष्यस्वभाव आहे. 'अमुक विषय घेतला तर दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलची बॅच किती मुलांची असते? गेल्या वर्षीची मुलं पुढे कुठे गेली?' असं विचारा. आणि खरं सांगायचं तर काही मेंटॉर फक्त वहीवर सहीपुरते असतात. तसं झालं तर रुसून बसू नका. ज्या विषयाकडे ओढ आहे त्या विभागात सरळ जा आणि तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. प्रयोगशाळेतल्या सहायकांना तर मुलांचा इतिहास तोंडपाठ असतो, कोण कशात रडलं ते ते तारखेसकट सांगतात.

ऑनलाइन नोंदणीचा भाग यापेक्षा सोपा, पण चिवट. त्यात नव्वद टक्के भांडणं नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. एवढा फरक सहसा खपतो. पण वडिलांचं नाव एकीकडे 'दत्तात्रय' आणि दुसरीकडे 'दत्तू' असेल, किंवा आधारवर ते नसेलच, तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडेल. अशा वेळी गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घेणं बरं, बोर्डाकडची दुरुस्ती वेळ खाते. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर स्पेलिंग स्वतः वाचून मगच हो म्हणा.

दुसरं म्हणजे मोबाइल. आधारला जोडलेला नंबर बहुतेकींच्या घरी वडिलांचा असतो. मुलगी कॉलेजच्या खिडकीशी, वडील रानात पाण्याच्या पाळीवर, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. गेल्या वर्षी मदत कक्षात एका मुलीचे वडील ओटीपी सांगताना आकडे ऐकू येत नाहीत म्हणून विहिरीच्या कठड्यावर चढले होते. तिला मी म्हटलं, आज राहू दे, त्यांना खाली उतरायला सांग. जूनच्या आधी एक दिवस मोडा आणि स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. ईमेलही स्वतःचाच द्या. कॅफेवाले घाईत स्वतःचा देतात, मग पासवर्ड बदलायला दरवेळी त्यांच्याच दारात जावं लागतं. सगळे लॉगिन एका वहीत लिहा. हो, वहीत. फोन पडतो, वही राहते.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे एबीसीचं खातं डिजिलॉकरमधून पाच मिनिटांत निघतं. मिळवलेले क्रेडिट त्यात जमा होतात आणि कॉलेज बदललं तरी सोबत येतात. शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढला असेल तर आधी डिजिलॉकरमध्ये तो बारा आकडी क्रमांक दिसतो का ते बघा, नवीन काढायची घाई नको. परीक्षेच्या फॉर्ममध्ये तो लागतो. आणि हे आमच्या बॅचमध्ये निम्म्यांना माहीत नव्हतं: प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसलात असं होत नाही. दर सेमिस्टरला परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, त्यातले विषयांचे कोड तपासायचे असतात. उशीर झाला की दंड. तिथे आलेला पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, पदवी हातात येईपर्यंत तुमची ओळख राहतो. सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन (जुन्या बोर्डाचा दाखला) आणि एलिजिबिलिटी (विद्यापीठाची पात्रता मंजुरी) यांची भानगड लगेच मिटवा.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळणारे पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येतात असा समज असतो. ते येतात आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेल्या खात्यात आणि अशी जोडणी सगळ्यात शेवटी जिथे झाली तेच खातं धरतात. माझे पैसे पोस्टाच्या, मी विसरलेल्या खात्यात पडून होते. अर्ज 'सेंड बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झाला तर कुणी फोन करत नाही, आठवड्याला एकदा लॉगिन करून बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करायचा असतो. "मुलींना फी माफ आहे ना?" हा खिडकीवरचा रोजचा प्रश्न. जुलै २०२४चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, त्यात प्रवर्गाची आणि आठ लाखांच्या उत्पन्नाची अट आहे. बीए-बीएस्सीला आपल्याला कुठली योजना लागू होते ते ऑफिसातल्या भाऊसाहेबांना, म्हणजे क्लार्कना, वेगळं विचारा. भाऊसाहेबांशी गोड बोला, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर टकटक करू नका.

बोनाफाईडच्या दोन प्रती एकदमच काढा. एक शिष्यवृत्तीला, एक एसटीच्या पासला. बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट होता, तो आता संपला. विद्यार्थी सवलतीचा मासिक पास तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशात पडतो, महिलांच्या अर्ध्या तिकिटापेक्षा स्वस्त.

गेल्या जूनमध्ये एक मुलगा वडिलांबरोबर मदत कक्षात आला. विषयांच्या पानावर आलो तसे वडील म्हणाले, "ताई, तुम्हीच टाका काय बरं वाटेल ते." मी म्हटलं, काका, आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन या, डावीकडे स्टाफरूम आहे, मॅडम बसल्यात. दोघं चपला काढून जिना चढायला लागले, तेव्हा चपला घालूनच जा म्हणून मागून ओरडावं लागलं. पाऊण तासाने खाली आले. मुलाच्या हातात चिठ्ठी होती: केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "नक्की?"

"हो. मेजर बॉटनी करणारे. रोपवाटिका टाकायचीय मला, डाळिंबाची," तो म्हणाला. वडिलांना हे आत्ताच कळलं असावं, कारण ते खुर्चीवर सरसावून बसले आणि पाणी कुठून आणणार म्हणून त्याला विचारू लागले. मी तिन्ही नावांवर टिक केली.