स्मृती व्हायला आलेल्या पोरींनो, जरा बॉलिंगचंही बघा

सांगलीत मुलीला क्रिकेटला घातलं की बघणाऱ्याचा प्रश्न ठरलेला, स्मृतीसारखी बॅटिंग करणार का? साहजिकच आहे म्हणा, स्मृती मानधना आपल्या माधवनगरची, तिच्यामुळंच तर आज आईवडील स्वतःहून मुलीला ग्राउंडवर आणून सोडतात. पण मी मिडियम पेस, म्हणजे मध्यम वेगाची बॉलिंग टाकायचे, जिल्ह्याकडून खेळले, राज्याच्या कॅम्पपर्यंत गेले, आता लहान मुलींना शिकवते, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या साध्या घरातल्या मुलीला बॉलिंगचा रस्ता जास्त परवडतो.

पैशाचंच बघा ना. चांगली इंग्लिश विलो बॅट म्हणजे घरात चार दिवस चर्चा, त्यात वाढत्या वयात ती दोन वर्षांत छोटी पडते, शिवाय पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट. बॉलरला आधी लागतात चांगले बूट (इथं मात्र कंजुषी नको, टाच आणि गुडघा त्यावरच अवलंबून) आणि चार-पाच बॉल. आणि बॅटिंगला समोर कोणीतरी टाकणारं लागतं, बॉलिंग एक स्टंप रोवून एकटीनं करता येते. बॉल घेताना दुकानदाराला वजन विचारा, कारण तो पुरुषांचाच काढून देतो. पुरुषांचा असतो 156 ते 163 ग्रॅमचा, बायकांच्या मॅचचा 140 ते 151 ग्रॅमचा. फरक किरकोळ वाटतो पण हातातून सुटताना कळतो, वर्षभर जड बॉलनं सराव केलेली मुलगी ट्रायलला (निवड चाचणीला) हलका बॉल हातात आला की टप्पाच, म्हणजे बॉल पाडायची जागाच शोधत बसते.

टप्पा म्हटल्यावर वेगाचं पण बोलू. सगळ्यांना भारताची फास्ट बॉलर झूलन गोस्वामी व्हायचंय, झूलनदी म्हणजे झूलनदीच, 2002 ते 2022 खेळली, वनडेत 255 विकेट्स, बायकांमध्ये एवढ्या कोणाच्याच नाहीत. पण तिची उंची पाच फूट अकरा इंच होती हे कोणी लक्षात घेत नाही. रेणुका सिंग ठाकूर बघा, हिमाचलच्या खेड्यातली, तिचा बॉल फार जोरात येत नाही पण आत असा वळतो की 2022 च्या कॉमनवेल्थला ऑस्ट्रेलियाची वरची फळी तिनं उडवली, 18 रनांत 4 विकेट्स. दीप्ती शर्मा तर ऑफस्पिनर, म्हणजे फिरकी टाकणारी, 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत वर्ल्डकप फायनलला 39 रनांत 5 आणि पूर्ण स्पर्धेत 22 विकेट्स. आणि इतकं लांब कशाला, शेजारच्या कोल्हापूरची अनुजा पाटील ऑफस्पिन टाकतच भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. ट्रायलला तुम्हाला मोजकेच बॉल मिळतात, त्यात निवडणारे काय बघतात तर सहा बॉल एका जागी पडतात का आणि फटका बसल्यावर पुढचा बॉल कुठं पडतो. वेग नंतर वाढवता येतो. आणि बॅटिंगला आठव्या नंबरला येऊन वीस रन करायला शिकाच, नाहीतर दोघींत निवड करायची वेळ आली की तुमचं नाव खाली जातं.

आता शरीर, कारण बॉलिंगचा खरा खर्च इथं आहे. तेरा ते सोळा या वयात पाठीची हाडं पक्की झालेली नसतात आणि रोज बेसुमार टाकलं की कंबरेत स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणानं हाडाला पडणारी बारीक चीर) होतं, मग सहा-सहा महिने घरी. म्हणून वहीत रोजचे बॉल लिहा, मॅचचे पण धरून, आणि एका आठवड्यात एकदम दुप्पट करू नका. कंबर एकाच बाजूला, एकाच जागी दुखायला लागली तर "होईल बरं" म्हणू नका, हाडाच्या डॉक्टरला दाखवा. सातारच्या मुलींना यवतेश्वरचा घाट पळायची फार हौस, स्टॅमिना येतो हे खरं, पण बॉलरला लागतात छोटे जोरकस स्प्रिंट आणि मांड्या-पोटाची ताकद, रोज घाट उतरून गुडघे कशाला झिजवायचे? हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासा, सारखं दमायला होतं त्याचं कारण बऱ्याचदा तिथं सापडतं. आणि पाळीच्या दिवसांत काय जमतंय, काय नाही हे कोचला सरळ सांगा, कोच पुरुष असला तरी. बऱ्याच ग्राउंडवर बायकांसाठी धड टॉयलेट नसतं, हे अजून ऐकून घेणारं कोणी भेटलेलं नाही मला, असो.

वर कसं जायचं? सातारा काय नि सांगली काय, दोन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतात, म्हणजे आधी जिल्हा, मग राज्याची निवड, त्यात 15 वर्षाखालील, 19, 23 आणि सीनियर असे गट. 15 च्या गटात मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात त्यामुळं जन्मतारखेत गडबड करायचा सल्ला कोणी दिला तर तिथूनच उठा. पुण्याला खेपा होणारच, पण एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे, किटबॅगचं तेवढं कंडक्टरशी गोड बोलून घ्या. पुढं 2023 पासून डब्ल्यूपीएल (बायकांची आयपीएल) आहे आणि भारताकडून खेळलात तर 2022 च्या निर्णयानं मॅच फी पुरुषांइतकीच, टेस्टला 15 लाख, वनडेला 6, टी-ट्वेंटीला 3. पण तिथं पोचणाऱ्या मोजक्याच. बाकीच्यांसाठी स्पोर्ट्स कोट्यातली रेल्वेची नोकरी हे आजही मोठं ध्येय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, भारताच्या कितीतरी पोरी रेल्वेकडूनच खेळल्यात.

शाळा-कॉलेजचं म्हणाल तर सीझन साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पार दहावी-बारावीच्या परीक्षेला येऊन भिडतो. सिलेक्शनची चाहूल लागली की कॉलेजला लेखी अर्ज द्या, प्रॅक्टिकलची तारीख बदलून मिळते का ते आधीच विचारून ठेवा, आणि ग्रेस मार्कांसाठी खेळाची सर्टिफिकेटं शाळेमार्फत मुदतीत जातायत का हे स्वतः ऑफिसात जाऊन बघा, क्लार्कच्या भरवशावर राहू नका.