पंचायत समितीचा सभापती निवडताना: आकडा, आरक्षण आणि सव्वा वर्षाचा शब्द

आधी आकडा मांडा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटाचे (म्हणजे मतदारसंघाचे) दोन गण पडतात आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीवर एक सदस्य जातो. त्यामुळे सदस्यसंख्या कायम सम. तालुक्यात 6 गट असतील तर सदस्य 12, आणि 6-6 अशी कोंडी होणे अजिबात दुर्मीळ नाही. समसमान मते पडली की निकाल चिठ्ठीवर जातो. म्हणून 12 मध्ये 7 हात पक्के झाल्याशिवाय गुलाल मागवू नये.

त्याहून आधी पाहायचे ते आरक्षण. सभापतिपदांची सोडत जिल्हाधिकारी काढतात आणि ती तालुकानिहाय लागते. पद ज्या प्रवर्गाला सुटले त्या प्रवर्गाचा सदस्य बहुमतवाल्यांकडे नसेल तर बहुमत असूनही खुर्ची समोरच्या बाकावर जाते. खुल्या गणातून निवडून आलेला सदस्यही, त्या प्रवर्गातला असेल तर, राखीव सभापतिपदाला चालतो. पण गणाच्या निवडणुकीत त्याला जातीचा दाखला लागलेला नसतो, आणि ऐनवेळी धावपळ होते ती त्याचीच. कागद सोडतीच्या दिवशीच तपासून ठेवा. उपसभापतिपद राखीव नसते. नाराजांची समजूत घालायला ते कामी येते.

निवडीची सभा जिल्हाधिकारी बोलावतात. पीठासीन अधिकारी बहुधा प्रांत किंवा तहसीलदार असतात. सकाळी अर्ज, छाननी, माघार आणि दुपारी सभा, असा क्रम बहुतेक ठिकाणी एकाच दिवसात उरकतो. एकच अर्ज उरला तर निवड बिनविरोध, नाहीतर मतदान. फुटू नयेत म्हणून सहलीवर नेलेले सदस्य ज्या गाडीने परततात ती घाटात अडकली तर सभा थांबत नाही, हे लक्षात ठेवून एक दिवस आधीच मुक्काम हलवा.

पक्षाचा व्हीप (कुणाला मत द्यायचे याचा आदेश) मोडला तर सदस्यत्वच जाऊ शकते. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा इथे लागू आहे. मात्र गटनोंदणी (पक्षाच्या सदस्यांच्या गटाची नोंद) आणि व्हीप बजावल्याची पोच नीट नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे प्रकरण तिथेच ढिले पडते. तोंडी निरोपाला पुरावा म्हणून किंमत नाही.

सभापतीची मुदत अडीच वर्षांची. तिचे दोन वाटे करून सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेण्याची रीत जुनीच, पण या शब्दाला कायद्यात जागा नाही. राजीनामा लेखी हवा आणि तो जिल्हा परिषद अध्यक्षांकडे द्यावा लागतो. पहिल्याने दिलाच नाही तर उरतो अविश्वास ठराव. त्याला दोन तृतीयांश लागतात, तेही हजर सदस्यांचे नव्हे, एकूण सदस्यांचे: 12 मध्ये 8. निवडून यायला 7 आणि काढायला 8, या एका मताच्या फरकावर कितीतरी सभापती पूर्ण मुदत काढतात.

एकदा बसल्यावर मासिक सभा चुकवू नका. गटविकास अधिकारी समितीचे सचिव असतात. विषयपत्रिका त्यांच्यासोबत बसूनच ठरवा. सभापती पदसिद्ध म्हणून जिल्हा परिषदेचेही सदस्य असतात. तालुक्याची कामे तिथल्या सभेत रेटायची असतील तर तिकडची हजेरीही ठेवा.