पहिलं धनुष्य घेताय? आधी पाउंड बघा, मग लाकूड

आपल्या पंचवटीत जन्म गेला म्हटल्यावर रामाच्या फोटोतलं धनुष्य डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे पहिलं धनुष्य पण तसंच हवं वाटतं, मोठं आणि जड. विकणारा पण हवा भरतो, "तब्येत चांगलीये साहेब, ४५ पाउंड घ्या." अजिबात घेऊ नका. पाउंड म्हणजे धनुष्याचं वजन नाही, दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. जिममधली छाती इथे कामाला येत नाही, ओढायला पाठीतले खांद्याच्या पात्यांमधले स्नायू लागतात आणि ते कुणाचेच आधीपासून तयार नसतात. जड धनुष्यात हात थरथरतो, नेम धरायच्या आधीच दोरी सुटते आणि तीच सवय लागते, वर खांदा दुखतो तो वेगळाच. मोठ्या माणसाने २० ते २५ पाउंडांपासून सुरू करावं, फार तर ३०. पूर्ण ओढून १० सेकंद न थरथरता धरता येत नसेल तर ते परत ठेवा.

आता धनुष्यावर लिहिलेला पाउंडाचा आकडा साधारण २८ इंच ओढीचा (दोरी किती मागे येते ती ओढ) असतो, तुमची ओढ तेवढी असेलच असं नाही. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत माप घ्या, अडीचने भागा. ६५ इंच भरलं तर ओढ २६, म्हणजे ३० पाउंडाचं धनुष्य तुमच्या हातात २५-२६ च भरणार, कारण इंचाला साधारण दोन पाउंड कमी होतात. या ओढीला ६४-६६ इंच लांबीचं घ्या, आखूड धनुष्य दिसायला भारी पण दोरी बोटांना चिमटते.

प्रकार कुठला? लाँगबो, म्हणजे साधं लांब धनुष्य, दिसायला देखणा, पण माझं मत विचाराल तर पहिलं टेकडाउन रिकर्वच घ्या, म्हणजे टोकं पुढे वळलेलं आणि भाग सुटे होणारं. मधली मूठ तीच राहते, हात तयार झाला की फक्त वरखालचे लिंब्स, म्हणजे वाकणाऱ्या पट्ट्या, बदलायचे, अख्खं नवीन घ्यायला नको. पेठ-सुरगाण्याकडचं बांबूचं धनुष्य मलाही आवडतं, पण त्यावर पाउंड लिहिलेले नसतात, त्यामुळे तिथे जाणकार माणूस सोबत पाहिजे.

अजून एक, डोळा. दोन्ही हातांच्या मधून छोटं भोक करून लांबचा दिवा बघा आणि एकेक डोळा मिटा, ज्या उघड्या डोळ्याला दिवा जागेवर दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. तो डावा निघाला तर उजव्या हाताने लिहीत असलात तरी डावखुरं धनुष्य हातात धरून बघा.

सेकंडहँड घेत असाल तर खिशात कापूस ठेवा. लिंब्सच्या कडेवरून हलकेच फिरवायचा, बारीक चीर डोळ्याला दिसत नाही पण कापसाचे तंतू तिथे अडकतात. अडकले की सौदा बंद, ओढताना तुटलं तर तोंडावर येतं. मग दोरी चढवून टोकाकडून एक डोळा मिटून बघा, दोरी लिंबच्या बरोबर मधून गेली पाहिजे, एका बाजूला झुकली तर लिंब पिळलाय. आणि भाव करताना रिकामी दोरी ओढून सोडायची हौस करू नका, बाण नसला की सगळा दणका धनुष्यातच जातो.

पैसे देताना स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायचा पट्टा, पण मागून घ्या, पायात अडकवून दोरी चढवली की लिंब पिळतो. बाण थेट मुठीवरच्या कठड्यावर टेकवून सोडणार असाल तर पिसांचेच घ्या, प्लास्टिकचे पंख त्या कठड्याला आपटून बाण वाकडा जातो. आणि एप्रिल-मे मध्ये घेतलं तर बंद कारमध्ये ठेवून कॉलेज रोडला चहा प्यायला बसू नका, उन्हाने लिंबच्या थरांमधला गोंद सुटतो.