संशोधकाच्या निबंधांची यादी तळापासून वाचावी

सांगलीत प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करणारे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, की विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जात मार्गदर्शक म्हणून कोणाचे नाव सुचवावे. बहुतेक जण शोधनिबंधांची संख्या आणि नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांचा दाखला सरासरी किती वेळा दिला जातो, तो आकडा) पाहून आकडा मोठा त्याला ई-मेल पाठवतात आणि मोकळे होतात. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. करून मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत रुळल्यावर माझे मत असे झाले आहे, की ती यादी कालक्रमाने, म्हणजे तळाकडून वर वाचावी आणि प्रत्येक वेळी प्रश्न कोणता होता व तो कोणत्या जीवावर तपासला, एवढेच आधी टिपून ठेवावे.

रेणवीय जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी (१९३२–२०१३) यांची यादी या सरावासाठी उत्तम आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे बंगळुरूला एनसीबीएस ही जीवविज्ञान संशोधन संस्था उभी केली. त्याआधी ग्लासगोला जनुकशास्त्रज्ञ पोंतेकोर्व्हो यांच्याकडे त्यांनी अ‍ॅस्परजिलस बुरशीवर काम केले. त्यानंतर अ‍ॅलन गॅरेन यांच्यासह ई. कोलाय जिवाणूच्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातील बिघाड दुसऱ्या उत्परिवर्तनाने (जनुकातील बदलाने) कसा झाकला जातो, यावरचा १९६२ चा निबंध येतो. १९७३ मध्येही ते जिवाणूंच्या संयुग्मनात (एक जिवाणू दुसऱ्याला जोडून डीएनए देतो त्यात) दात्याचा डीएनए कसा सामावला जातो, हेच तपासत होते. आणि १९७६ मध्ये एकदम फळमाशीचा पक्षाघात! वरवर पाहता विषय बदलला असे वाटते, परंतु एक जनुक बिघडवून नेमके काय बंद पडते ते पाहण्याची रीत बुरशीपासून माशीपर्यंत तीच आहे.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्यासोबतचा हा १९७६ चा निबंध नवख्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावा. यातल्या उत्परिवर्तित माश्या नेहमीच्या तापमानाला नीट चालतात, तापमान वाढवले की नळीच्या तळाशी लुळ्या पडतात आणि गारव्यात आणल्या की पुन्हा उभ्या राहतात. इलेक्ट्रोड लावून पाहिल्यावर कळते, की सगळ्यांचा लुळेपणा एकाच कारणाने येत नाही. ‘पॅरा’ या उत्परिवर्तित माश्यांमध्ये चेतातंतूतून विद्युतसंदेश वाहणेच थांबते, तर ‘शिबिरे’मध्ये चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडतो. पॅरा हे सोडियम वाहिनीचे (पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाचे) जनुक असल्याचे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. शिबिरे हे डायनामिन प्रथिनाचे जनुक ठरले. लेखकांचा क्रमही पाहावा. जीवशास्त्रात सहसा हाताने प्रयोग करणारा पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा असतो. मुंबईत स्वतःचा विभाग चालवणारे सिद्दिकी येथे पहिले आहेत, यावरून काय ते समजावे.

इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशेब कोठे फसतो, हे १९७८ मध्ये दिसते. आपल्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह माशीच्या वास व चव ओळखण्याच्या यंत्रणेवर लिहिलेला, पुढच्या बऱ्याच संशोधनाला वाट करून देणारा निबंध सिद्दिकींनी, नुसता आकडा पाहणारा जिकडे वळणार नाही त्या, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापला. तो अकादमीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. (तासगावकडच्या द्राक्षांच्या क्रेटवर हंगामात जमणारी चिलटे ज्याने पाहिली आहेत, त्याला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.)

हयात संशोधकाची यादी पाहताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पबमेड या जीव-वैद्यकीय निबंधांच्या शोधसूचीवर नुसते ‘एस. पाटील’ शोधले तर पिकांच्या रोगांपासून हृदयशस्त्रक्रियेपर्यंत सगळे पाटील एकत्र येतात; म्हणून ओआरसीआयडी या प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून किंवा संस्थेच्या नावावरून खात्री करावी. दुसरे म्हणजे, सारांशावर न थांबता साहित्य व पद्धतींचा भाग वाचावा. पीसीआर, जेल, माश्यांचे संकर यांपैकी काही तुमच्या महाविद्यालयात झाले असेल, तर ई-मेलमध्ये त्याचा थेट उल्लेख करता येतो. ई-मेलमध्ये ‘आपल्या कार्याने प्रभावित झालो’ असे लिहिण्याऐवजी अलीकडच्या एका निबंधातील एक आकृती घ्यावी, त्यातला नियंत्रण प्रयोग (तुलनेसाठी बदल न करता केलेला) समजला नसेल तर तसेच विचारावे आणि आपण कोणत्या महिन्यांत मोकळे आहोत ते शेवटच्या ओळीत कळवावे.