माकूल साफ करताना
मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून आणलेली माकूल, म्हणजे स्क्विड, ताजी असेल तर तिचे अंग चकचकीत आणि घट्ट लागते. एका हाताने नळीसारखे धड धरून दुसऱ्या हाताने डोके हलकेच ओढावे, म्हणजे आतड्यांसोबत शाईची रुपेरी पिशवीही बाहेर येते. शत्रूला चकवण्यासाठी माकूल पाण्यात सोडते ती काळी शाई हीच, आणि पिशवी फुटली तर ओटा काळा झालाच म्हणून समजा. धडातली काचेसारखी पारदर्शक पट्टी, म्हणजे पूर्वजांच्या शिंपल्याचा अवशेष, ओढून काढावी. आठ हात आणि दोन लांब सोंडा डोळ्यांच्या पुढे कापून मधली पोपटासारखी चोच दाबून काढावी. जांभळट साल सोलावी. कोळी मसाल्यात मोठ्या आचेवर दोनच मिनिटे परतावी. जास्त ठेवल्यास ती रबरासारखी चिवट होते आणि मग अर्धापाऊण तास मंद आचेवर शिजवल्याखेरीज मऊ पडत नाही.